‘फायर’चा हुकूम आला तर? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

नागरी आंदोलनं आणि लष्कर या विषयावर आम्ही मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. कोल्हापूर जिल्ह्यात घरटी एक जवान असलेली गावं आहेत, त्यामुळे पत्रं भरपूर आली. बरीचशी आईवडिलांची, माजी सैनिकांची आणि पहाटे धावायला जाणाऱ्या पोरांची आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि कुणाचंही नाव छापलेलं नाही.

माझा मुलगा अग्निवीर आहे. उद्या त्याला निःशस्त्र लोकांवर गोळी झाडायला सांगितलं आणि तो नाही म्हणाला, तर त्याचं काय होईल? आणि झाडली, तर काय होईल? – एक आई, कागल तालुका

ताई, आंदोलनापुढे लष्कर उभं राहणं ही आपल्याकडे फार क्वचित येणारी वेळ आहे. आधी स्थानिक पोलीस, मग राज्य राखीव दल, मग केंद्रीय दलं, आणि एवढ्यानं भागलं नाही तरच लष्कर. पण वेळ आलीच, तर कायदा काय म्हणतो ते मुलाला आजच माहीत असलेलं बरं.

अग्निवीरालाही १९५० चा आर्मी ॲक्टच लागू आहे. हुकूम न मानण्याचा गुन्हा त्याच्या कलम ४१ मध्ये येतो. वरिष्ठानं समोरासमोर दिलेला हुकूम जाणूनबुजून धुडकावला तर १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून साध्या अवज्ञेला ॲक्टिव्ह सर्व्हिसवर (म्हणजे शत्रूविरुद्धच्या मोहिमेवर वगैरे) असताना १४ वर्षांपर्यंत, एरवी ५ वर्षांपर्यंत. शिक्षा कडक आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. पण दोन्ही पोटकलमांत गुन्हा घडतो तो ‘कायदेशीर हुकूम’ मोडल्यानं. हुकूमच बेकायदेशीर असेल, तर कलम ४१ चा गुन्हा उभा राहत नाही.

आता गोळी झाडली तर. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४ मध्ये (जुन्या दंडसंहितेतलं ७६) नेमकं हेच उदाहरण दिलं आहे: एक सैनिक वरिष्ठाच्या हुकुमावरून आणि कायद्याच्या आज्ञेला धरून जमावावर गोळी झाडतो, तर त्यानं गुन्हा केलेला नाही. ‘हुकूम होता’ एवढंच सांगून भागत नाही, तो कायद्याला धरूनही असावा लागतो. मुलाची वस्तुस्थितीबद्दल प्रामाणिक गफलत झाली, म्हणजे धुरात समोरच्याच्या हातात बंदूक आहे असं त्याला खरोखर वाटलं, तर हे कलम त्याला वाचवतं. ‘पकडलेल्या माणसाला मारता येत नाही हे मला माहीत नव्हतं’ असं म्हटलं, तर वाचवत नाही. ‘झाडली नसती तर साहेबांनी कोर्ट मार्शल केलं असतं’ ही सबबही खुनाच्या आरोपात चालत नाही, कारण धमकीखाली केलेल्या कृत्यांना माफी देणाऱ्या कलम ३२ मधून खून मुळातच वगळलेला आहे.

याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये मुंबईतल्या एका चकमकीच्या प्रकरणात फार स्पष्ट लिहिलं आहे. प्रकरण पोलिसांचं होतं, पण तत्त्व गणवेश बघून बदलत नाही. बनावट चकमकीचा हुकूम कितीही वरून आला तरी तो नाकारणं हे पोलिसाचं कर्तव्य आहे, आणि पाळला तर त्याच्यावर खुनाचा आरोप येईल, असं न्यायालय म्हणालं. न्युरेंबर्ग खटल्यांचा दाखलाही तिथं दिलेला आहे.

मुलानं नकार दिला आणि प्रकरण पुढं गेलं, तर पहिली पायरी सीओंसमोरची, म्हणजे पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरसमोरची पेशी. आर्मी रूल २२ प्रमाणे तिथं त्याला साक्षीदारांची उलटतपासणी घेता येते आणि आपले साक्षीदारही बोलावता येतात. जवान मार खातात ते नेमके इथं. घाबरून ‘काही विचारायचं नाही, साहेब’ म्हणून मोकळे होतात आणि मग कागदावर त्यांची बाजूच राहत नाही. त्यानं साधे, टोकदार प्रश्न विचारावेत: दंडाधिकारी कुठं उभे होते? इशारा कुणी दिला, कोणत्या भाषेत दिला? ज्याच्यावर झाडायला सांगितलं त्याच्या हातात काय होतं? तो आमच्याकडं येत होता की पळत होता? त्यानंतर रूल २३ खाली पुरावा लेखी नोंदवला जातो. कोर्ट ऑफ इन्क्वायरी (लष्करी चौकशी) बसली आणि त्याच्या चारित्र्यावर किंवा लष्करी लौकिकावर बोट येत असेल, तर रूल १८० प्रमाणे त्याला पूर्ण वेळ हजर राहू द्यावं लागतं.

जवानाचं प्रकरण बहुधा समरी कोर्ट मार्शलसमोर, म्हणजे झटपट चालणाऱ्या लष्करी खटल्यात जातं. तिथं सीओच न्यायाधीश असतात. ते लेफ्टनंट कर्नल किंवा त्यावरच्या हुद्द्याचे असतील तर जास्तीत जास्त १ वर्षाची कैद देऊ शकतात. त्याविरुद्ध आर्मी ॲक्टच्या कलम १६४ खाली निवेदन करता येतं. बडतर्फी किंवा तीन महिन्यांहून जास्त कैद झाली असेल, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडं जाता येतं. त्याचं आपल्याला जवळचं पीठ मुंबईला आहे.

आमच्या वेळी सीआरपीसी १३०, १३१ तोंडपाठ करून घेत. नव्या कायद्यात काय बदललं? आणि हल्ली ‘मॅजिस्ट्रेट’ म्हणून तहसीलदार आला तर चालतो का? – निवृत्त सुभेदार, सैनिक टाकळी

सुभेदार साहेब, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तुमच्या सीआरपीसीतली (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) जमाव पांगवण्याची कलमं १२९ ते १३२ आता १४८ ते १५१ झाली आहेत. गाभा तोच आहे, पण एक बदल महत्त्वाचा आहे आणि तो तुमच्या प्रश्नाला थेट भिडतो.

पूर्वी जागेवर हजर असलेल्यांपैकी सर्वांत वरच्या दर्जाचा कार्यकारी दंडाधिकारी लष्कराला जमाव पांगवायला सांगू शकत होता. आता कलम १४९ प्रमाणे तो अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्याला, म्हणजे आपल्याकडं जिल्हाधिकाऱ्याला, किंवा त्यानं प्राधिकृत केलेल्या आणि तिथं हजर असलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यालाच आहे. तहसीलदार किंवा प्रांत हे कार्यकारी दंडाधिकारी असतातच, पण जिल्हाधिकाऱ्यानं प्राधिकृत केलं आहे का हे कॉलम कमांडरनं, म्हणजे तिथल्या लष्करी तुकडीच्या प्रमुखानं विचारलं पाहिजे आणि तो कागद बघितला पाहिजे. पोलीस अधीक्षकाला, आमदाराला किंवा मंत्र्याला लष्कराकडून गोळीबार करून घेण्याचा अधिकार नाही.

मागणी लेखी घ्यावी. वेळच नसेल तर तोंडी घेऊन लगेच लेखी करून घ्यावी. त्यानंतरची कामाची वाटणी फार विचारपूर्वक केलेली आहे. जमाव पांगवायचा का, हे दंडाधिकारी ठरवतो. कसा पांगवायचा, किती माणसं पुढं काढायची, कोणतं हत्यार वापरायचं, हे लष्करी अधिकारी ठरवतो, कारण कलमात ‘त्याला योग्य वाटेल त्या रीतीनं’ असं म्हटलं आहे. त्याच वाक्यात पुढं बंधनही आहे: जमाव पांगवण्यापुरतं आणि पकडण्यापुरतं कमीत कमी बळ, माणसांना आणि मालमत्तेला कमीत कमी इजा. म्हणून दंडाधिकाऱ्यानं परस्पर जवानाला ‘मार’ म्हणायचं नसतं आणि जवानानं पोलीस उपनिरीक्षकाच्या सांगण्यावरून घोड्यावर बोट ठेवायचं नसतं. हुकूम आपल्याच साखळीतून येतो.

कलम १५० हा अपवाद आहे. सार्वजनिक सुरक्षितता उघड धोक्यात आहे आणि दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नाही, तेव्हा कमिशन्ड किंवा राजपत्रित अधिकारी स्वतः कारवाई करू शकतो. संपर्क शक्य झाला की करायचा आणि कारवाई चालू ठेवायची की थांबवायची, हे दंडाधिकाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे. तुमच्या काळात फोन लागत नसे, आज प्रत्येकाच्या खिशात तो आहे. त्यामुळे ‘संपर्क झाला नाही’ हे आता सहज पटणार नाही.

इशारा आणि गोळीबाराची रीत तुम्हाला पाठ आहे, तरी इतर वाचकांसाठी लिहितो. बिगुल किंवा शिट्टीनं लक्ष वेधायचं, बॅनर उघडायचा, लाऊडस्पीकरवरून स्थानिक भाषेत सांगायचं की पांगला नाहीत तर गोळीबार होईल आणि तो खरा असेल. कोल्हापुरात हे मराठीतच झालं पाहिजे. पंजाबी किंवा तमिळ पलटणीनं हिंदीतून दिलेला इशारा मागच्या रांगेतल्या म्हातारीला कळला नाही, तर तो दिल्यासारखा होत नाही. मग पांगायला वेळ आणि वाट, दोन्ही मोकळी ठेवायची. वाट मोकळी ठेवण्याचा भाग सर्वांत जास्त विसरला जातो. महाद्वार रोडसारख्या ठिकाणी दोन्ही तोंडं बंद करून ‘पांगा’ म्हटलं, तर लोक जाणार कुठं? इशारा देण्याआधी मागची गल्ली उघडी आहे ना, हे माणूस पाठवून बघून घ्यावं.

तरीही गोळी झाडावीच लागली, तर कमांडर ठराविक जवानाचं नाव घेतो, ठराविक लक्ष्य दाखवतो, किती फैरी ते सांगतो. सगळ्या सेक्शननं (तुकडीनं) एकदम झाडायचं नसतं. नेम खाली धरायचा, आणि जमावाला चिथावणाऱ्या, सर्वांत धोकादायक माणसावर धरायचा. हवेत झाडायचं नाही. लोकांना हवेतला गोळीबार दयेचा वाटतो, प्रत्यक्षात तो घातक आहे. रायफलची गोळी दोन किलोमीटरच्याही पुढं जाते. समोर आगाशी असते, माळावरचं घर असतं, आणि ज्याचा आंदोलनाशी काडीचा संबंध नाही असा माणूस मरतो. शिवाय जमावाला वाटतं की गोळ्या खोट्या आहेत, तो चेकाळतो आणि पुढची गोळी टाळता येत नाही. जमाव वळला की त्याच क्षणी गोळीबार थांबला पाहिजे. मग जखमींना प्रथमोपचार, रिकाम्या पुंगळ्या गोळा करणं, प्रत्येकाच्या फैरी मोजून नोंद, वेळेसकट.

जाता जाता: २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळ तालुक्यात जवान बोटी घेऊन आले, तीही नागरी प्रशासनाला मदतच होती. लष्कर प्रशासनाच्या मदतीला येतं, प्रशासनाच्या जागी बसायला नव्हे.

भरतीची तयारी करतोय. बेकायदेशीर हुकूम ऐन वेळी ओळखायचा कसा? आणि ओळखला तर नेमकं करायचं काय? – एक उमेदवार, गारगोटी

मित्रा, एक सवय आधीच लावून घे: हुकूम कायदेशीर आहे असंच धरून चालायचं. न आवडणारा, कष्टाचा, तुला चुकीचा वाटणारा हुकूम बेकायदेशीर असतोच असं नाही. उन्हात सहा तास घेरा धरून उभं राहा, ओळखीच्या माणसाला ताब्यात घे, संचारबंदीत रस्त्यावर फिर, हे सगळं पाळायचं. रांगेतल्या जवानाला पूर्ण चित्र दिसत नसतं. मागच्या चौकात काय पेटलंय ते कमांडरला वायरलेसवर कळतं, तुला नाही.

नाकारायचा तो हुकूम असा, की ज्यात गुन्हा उघड दिसतो आणि वाद घालायला जागाच नसते. पकडून बसवलेल्या माणसाला गोळी घालणं. पळणाऱ्या लोकांच्या पाठीत झाडणं. ‘यांना धडा शिकवा’ म्हणून झाडणं, कारण बळ असतं ते जमाव पांगवायला, शिक्षा द्यायला नव्हे. ताब्यातल्यांना मारहाण. मृताजवळ हत्यार ठेवणं. मारलेल्या फैरींचा आकडा नोंदीत बदलणं. नाव किंवा वस्ती बघून माणसं निवडणं.

अशा वेळी हुकूम परत विचार: ‘साब, हुकूम दोबारा बताइए.’ यात उद्धटपणा नाही, हा तुझा हक्क आहे. आरडाओरड्यात अर्धा हुकूम ऐकू येतो, आणि पुष्कळदा परत सांगताना सांगणाराच भानावर येतो. तरीही तेच सांगितलं, तर शेजारच्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात, सरळ शब्दांत: ‘साब, हा माणूस पकडलेला आहे, याच्यावर मी गोळी झाडू शकत नाही. बाकी हुकूम द्या, करतो.’ हत्यार सेफवर, नळी खाली, जागा सोडायची नाही. नकार त्या एका कृत्याला आहे, नोकरीला नाही, हे तुझ्या उभं राहण्यातून दिसलं पाहिजे. जागा सोडलीस किंवा रायफल टाकलीस, तर वेगळाच गुन्हा अंगावर येतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

आणि हे कधीही विसरू नकोस: ‘कुणीही झाडू नका रे’ असं बाकीच्यांना सांगायचं नाही. दोघातिघांनी मिळून ठरवून नकार दिला की आर्मी ॲक्टचं कलम ३७ लागू शकतं, तो बंडाचा आरोप असतो आणि त्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. प्रत्येकानं आपापल्या तोंडानं, आपल्यापुरतं बोलायचं.

पहिली संधी मिळताच हुकूम देणाऱ्याच्या वरच्या अधिकाऱ्याला सांग आणि त्याच दिवशी लिहून ठेव: वेळ, जागा, डावीउजवीकडं कोण होतं, नेमके शब्द. नंतर अन्याय झाला असं वाटलं तर कलम २६ खाली वरच्या अधिकाऱ्यांकडं तक्रार करता येते. व्हिडिओ काढून स्टेटसला टाकलास, तर मात्र तुझी खरी बाजूही बुडेल.

डायरला कायद्यानं संरक्षण होतं का? आणि पेशावरला गोळी नाकारणारे चंद्रसिंग गढवाली आजच्या कायद्यात गुन्हेगार ठरले असते का? – विधी शाखेची विद्यार्थिनी, कोल्हापूर

१९१९ मध्ये लागू असलेल्या १८९८ च्या फौजदारी संहितेतही कमीत कमी बळाची अट होती. १३ एप्रिलला जालियनवाला बागेत इशारा दिला गेला नाही, बाहेर पडायच्या अरुंद वाटांकडं धावणाऱ्या गर्दीवर सुमारे दहा मिनिटं गोळीबार चालला, १,६५० फैरी झाडल्या गेल्या. सरकारी आकडाच ३७९ मृत्यूंचा आहे. संपूर्ण पंजाबवर जरब बसावी हा आपला हेतू होता, हे डायरनं चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीसमोर स्वतःच सांगितलं. जमाव पांगवणं हा हेतूच नसेल, तर संरक्षण देणाऱ्या कलमाचा पायाच उरत नाही. तरी त्याच्यावर फौजदारी खटला झाला नाही, फक्त पद गेलं. ही त्या काळच्या सत्तेची निवड होती, कायद्याची नव्हे.

गढवालींचं प्रकरण जास्त अवघड आहे. २३ एप्रिल १९३० ला पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात गढवाल रायफल्सच्या जवानांनी निःशस्त्र लोकांवर गोळी झाडायला नकार दिला. कोर्ट मार्शल झालं, चंद्रसिंगांना जन्मठेप झाली, १९४१ मध्ये ते सुटले. आज असं घडलं तर बचाव पक्ष पहिला हल्ला हुकुमावर करेल: इशारा होता का, निकड होती का? पण सामूहिक नकार हा बंडाचा आरोप आजही ओढवून घेतोच. आमचं मत स्पष्ट आहे, त्या जवानांनी योग्य केलं. पण परीक्षेत भावनेवर नको, कलम ३७ आणि ४१ यांतला फरक दाखवून लिही.

आंदोलनात लष्कर उतरलंच तर आम्ही काय काळजी घ्यायची? जवानांना ‘गोळी झाडू नका’ अशी विनंती करावी का? – कार्यकर्ता, गडहिंग्लज

विनंती करायची असेल ती दंडाधिकाऱ्याला करा, जवानाला नको. सैनिकाला कर्तव्यापासून फोडण्याचा प्रयत्न हा न्याय संहितेच्या कलम १५९ चा गुन्हा आहे आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे. ‘बंदुका खाली टाका, आमच्यात या’ ही घोषणा उत्साहात दिली जाते, पण तिच्यामुळं तुम्हीही अडकता आणि तो पोरगाही.

इशारा ऐकू आला की बसून राहू नका. घटनेच्या कलम १९ नं दिलेला हक्क शांततेनं आणि निःशस्त्र जमण्याचा आहे. जमाव पांगवण्याचा आदेश चुकीचा वाटला, तर दुसऱ्या दिवशी न्यायालयात जाता येतं, आणि आता त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच आहे. मोर्चा ठरवतानाच बाहेर पडायच्या दोन वाटा निश्चित करा आणि त्यांवर आपले स्वयंसेवक उभे करा. म्हातारी माणसं आणि पोरं कडेला ठेवा, मध्ये नको.

कुणी जखमी झालं तर सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) नेऊन एमएलसी (मेडिको-लीगल) नोंद करायला लावा. गोळी कुठून शिरली, कुठून निघाली हे केसपेपरवर आलं पाहिजे, कारण पाठीतली जखम पुढं सगळ्यात जास्त बोलते. रक्ताचे कपडे धुऊ नका. पूर्ण वाळवून कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये कुजतात. व्हिडिओची मूळ फाइल ज्या फोनमध्ये काढली त्यातच राहू द्या, व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत पुराव्याला कमकुवत ठरते.

पोलिसांविरुद्धची तक्रार राज्य मानवाधिकार आयोगाकडं चालते. लष्कराविरुद्धची राष्ट्रीय आयोगाकडं करावी लागते, आणि तो आयोगही स्वतः चौकशी न करता केंद्र सरकारकडून अहवाल मागवतो. तक्रार घटनेपासून एका वर्षाच्या आत करा. लष्करातल्या व्यक्तीवर अशा कारवाईबद्दल खटला भरायला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५१ प्रमाणे केंद्राची पूर्वपरवानगी लागते. ती अट एफआयआर नोंदवण्याला नाही, खटल्याला आहे. ठाण्यात ‘परवानगी आणा, मग घेतो’ म्हणाले तर हे त्यांना सांगा.

सुट्टीवर आलेला जवान गावच्या मोर्चात चालला तर? आणि आम्ही माजी सैनिक? – अनेक पत्रं

सेवेत असलेल्यानं जाऊ नये. आर्मी रूल २० प्रमाणे राजकीय हेतूच्या सभेत किंवा निदर्शनात हजर राहायलाही मनाई आहे, आणि सुट्टीवर असताना आर्मी ॲक्ट सुटत नाही. मोर्चा आरक्षणाचा असो, ऊसदराचा असो, ‘नुसता बघायला गेलो होतो’ हे फोटो आल्यावर कुणी ऐकत नाही. माजी सैनिकांना इतर नागरिकांइतकाच हक्क आहे.  गणवेश मात्र घालू नका: सेवेत नसताना लोकांना सैनिक वाटावं म्हणून तसा पोशाख करणं हा न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे.